करोडगिरीचा नाका आणि आक्काची बोटे

सोलापूर सोडून तुळजापूरच्या रस्त्याला लागले की तासाभराच्या आतच तामलवाडी येते. येथून धाराशिव जिल्हा सुरू होतो. आज येथे टोलनाका आहे. मोटारीच्या काचेवर चिकटवलेली पट्टी यंत्र वाचते, दांडा वर होतो आणि मोटार पुढे निघते. आत बसलेल्या प्रवाशाची डुलकीसुद्धा मोडत नाही.

१९४८ पर्यंत मात्र याच टापूत एक राज्य संपून दुसरे सुरू होत असे. सोलापूर आणि बार्शी मुंबई इलाख्यात, तर तुळजापूर, नळदुर्ग आणि परंडा निजामाच्या मुलखात. पलीकडे नाणे निराळे, ‘हाली’ नावाचे. कारभाराची भाषा उर्दू. आणि हद्दीवर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका.

आमची आजी बार्शीची लेक आणि नळदुर्गाकडची सून. त्यामुळे माहेरच्या प्रत्येक फेरीत तिला ही हद्द ओलांडावी लागे. नाक्यावरचा शिपाई गाठोडे सोडायला लावी आणि कोरे कापड दिसले की जकात मागे. आजी मोठी हुशार! माहेरचे कोरे लुगडे ती आत नेसे आणि त्यावर जुने गुंडाळी. “एवढी जाड कशी झालीस, माई?” असे शिपायाने विचारले, तर भर वैशाखात “थंडी वाजतीया” असे ठोकून देई. शिपाई काय ओळखायचे ते ओळखी, मिशीतल्या मिशीत हसे आणि “जाव अम्मा, जाव” म्हणून वाट सोडी.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय फौजा सोलापूरकडून याच मुलखात शिरल्या. त्यांनी नळदुर्गाजवळचा बोरी नदीवरचा पूल हाती घेतला आणि पाचव्या दिवशी निजाम शरण आला. ती हद्द पुसली गेली. आता कोजागरीला सोलापुराहून लाखो माणसे पायी तुळजापूरला जातात. वाटेत त्यांना गाठोडे सोडायला कोणी सांगत नाही.

पण हद्द ही अशी चीज आहे की ती एकीकडे पुसावी तर दुसरीकडे नव्या रूपाने उभी राहते. युरोपातल्या २९ देशांनी १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने एक नवी पद्धत सुरू केली. परदेशी पाहुण्याच्या पासपोर्टावर शिक्का मारायचा नाही. त्याचा चेहरा, बोटांचे ठसे आणि येण्याजाण्याच्या तारखा संगणकात नोंदवायच्या. आपल्या लोकांचे ठसे व्हिसा देतानाच घेतलेले असतात. हद्दीवर ते जुळवून पाहतात. हेतू रास्त आहे. पाहुण्याने कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक राहू नये असा नियम, आणि तो हिशेब शिक्क्यांवरून करणे जिकिरीचे. पण रांगा वाढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये तिकडच्या विमानतळांच्या संघटनेनेच तक्रार केली की, गर्दीच्या वेळी तीन-तीन तास खोळंबा होतो. त्याच महिन्याच्या अखेरीस लिस्बनच्या विमानतळावर ही पद्धत तीन महिन्यांपुरती थांबवावी लागली.

मला याची प्रचीती आली ती थोरल्या बहिणीबरोबर. आक्का नळदुर्गाजवळच्या खेड्यात शेती करते. तिचा मुलगा जर्मनीत असतो. त्याला मुलगी झाली आणि बारशाला आक्काला घेऊन जाण्याची कामगिरी माझ्याकडे आली. वाटेत विमान बदलायचे होते. त्या विमानतळावर आमच्या पुढची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. माझी बोटे यंत्राने एकदाच्यात स्वीकारली. आक्काने बोटे ठेवली आणि लाल दिवा लागला. पुन्हा ठेवली, पुन्हा लाल.

“काय म्हनतंय रं ते?”

“तुझ्या बोटांवरच्या रेघा दिसंनात म्हणतंय.”

“दिसतील कशा? त्या कवाच रानात राहिल्या,” आक्का म्हणाली आणि तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

चाळीस वर्षे खुरपे आणि विळा धरलेला हात तो. मागच्या रांगेतले लोक घड्याळे पाहू लागले, तशी ती आणखीच संकोचली. एक तरुण अधिकारी बाई आली. तिने काच पुसली, ओला रुमाल दिला, एकेक बोट हलकेच दाबून पाहिले. शेवटी तिने आम्हांला बाजूच्या खिडकीशी नेले. बहिणीचा व्यवसाय काय, असे तिने विचारले. मी शेती सांगितली. तिने आक्काचा तळवा उलटा करून पाहिला, चेहरा पासपोर्टाशी ताडून पाहिला, कागद वाचले आणि आम्हांला सोडले. सव्वादोन तास गेले होते, पुढचे विमानही गेले होते. बारसे दुसऱ्या दिवशी झाले. नातीने मात्र आजीचे ते खरखरीत बोट पहिल्याच खेपेला घट्ट धरले.

मौज अशी, की ही ठशांची विद्या आपल्याच देशात वाढली. १८५८ साली बंगालमधल्या जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने खडी पुरवण्याच्या एका करारावर राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या पंजाचा ठसा घेतला. १८९७ मध्ये कलकत्त्याला ठशांची कचेरी निघाली. तेथल्या वर्गवारीच्या पद्धतीला एडवर्ड हेन्रीचे नाव मिळाले. ती बसवण्यात अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचे कष्ट होते. आमच्या शेतकऱ्याला तर अंगठ्याची सवय फार जुनी. सावकाराच्या कागदावर तो कसाही उठला तरी चालत असे!

ही अडचण परदेशापुरती आहे असेही नाही. रेशनच्या दुकानात अंगठा उमटत नाही म्हणून तिष्ठत बसलेली म्हातारी माणसे आपल्याही खेड्यापाड्यांत दिसतात. ज्या हातांनी ज्वारी पिकवली, तेच हात यंत्राला अनोळखी ठरतात.

यंत्र नको असे मी म्हणत नाही; लाखो माणसांची नोंद वहीत ठेवणे आता शक्य नाही. पण यंत्राशेजारी खुर्ची असावी, खुर्चीवर माणूस असावा, आणि नियमाच्या आत राहून समजून घेण्याचा अधिकार त्याला असावा. निजामाच्या शिपायाला वैशाखातली थंडी समजली, त्या परक्या बाईला आक्काचा तळवा समजला. आणि कष्टकरी आईवडिलांना परदेशी बोलावणाऱ्या मुलांना एवढेच सांगतो: तिकिटे काढताना दोन विमानांमध्ये चांगले चार-पाच तास ठेवा. त्यांच्या बोटांची ओळख पटायला वेळ लागतो.