मोजायचे आणि तोलायचे

धान्याच्या घाऊक पेढीमागच्या घरात धाकटी सून म्हणून आलेल्या त्या तरुणीने इंग्रजी साहित्यात एम. ए. केले होते, तेही पहिल्या वर्गात. शोकांतिकेतील नायकाच्या अधःपतनावर ती दहा पाने सहज लिहू शके. घरात तिच्या इंग्रजीचा अभिमान होता. परप्रांतातील कंपनीचे पत्र आले की सासरे ते तिच्याच हाती देत. सारे घर त्यांना अण्णा म्हणे. अशा सुनेने वयाच्या २९ व्या वर्षी पुन्हा विद्यापीठाची पायरी चढावी, आणि तीही दोन वर्षांसाठी, हे अण्णांना उमजेना. ‘‘इंग्रजी तर तुला येतेच आहे, सूनबाई. मग शिकायचे राहिले ते काय?’’

प्रश्न रास्त होता आणि त्याचे उत्तर घरातच वावरत होते. थोरल्या दिरांचा मुलगा इंग्रजी माध्यमाच्या शाळेत सातवीत होता. धडा तो घडाघडा वाची, पण वाचून झाल्यावर ‘यात घडले काय?’ असे विचारले की मान खाली घाली. वर्षभर तिने त्याची शिकवणी घेतली. ओळीओळीचा मराठी अर्थ सांगितला, उत्तरे लिहून दिली आणि ती पाठ करून घेतली. त्याचे गुण वाढले, घर आनंदले. तिला मात्र ठाऊक होते की जमेच्या बाजूला आकडे दिसत असले तरी शिल्लक काहीच पडलेली नाही. स्वतःच्या मनातून एक इंग्रजी वाक्य त्या मुलाच्या तोंडून अजूनही निघत नव्हते. ही खंत तिला विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागापर्यंत घेऊन गेली.

बी. एड. हा अभ्यासक्रम पूर्वी एका वर्षाचा होता. २०१५ पासून तो दोन वर्षांचा झाला आणि त्यात किमान २० आठवडे प्रत्यक्ष शाळेत काढणे आले. वाढलेले वर्ष अनेकांना भुर्दंड वाटले. फायली रंगवण्यात ते घालवणारेही पुष्कळ आहेत आणि त्यांना तसे घालवू देणाऱ्या संस्थाही आहेत. परंतु ते २० आठवडे प्रामाणिकपणे केले तर साऱ्या शिक्षणाचा गाभा तेच होत. व्यापारी घरांना हे पटवून द्यावे लागू नये, कारण व्याख्याने ऐकवून कुणी मुलाला पेढीवर तयार केल्याचे ऐकिवात नाही.

शाळेत जाण्याआधी सूक्ष्म अध्यापन असते. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे उणिवा ऐकायच्या, बारा मिनिटांत पाठ पुन्हा बांधायचा, पुन्हा सहा मिनिटे शिकवायचे आणि पुन्हा सहा मिनिटे ऐकायचे, असे ३६ मिनिटांचे ते चक्र. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे. आज प्रश्न विचारणे, तर उद्या फलकलेखन. समोर विद्यार्थी म्हणून बसतात ते बरोबरचे छात्राध्यापकच. तिशी ओलांडलेले गृहस्थ सहावीतल्या मुलासारखे बोट वर करून उभे राहतात आणि अचूक उत्तर देऊन खाली बसतात. चूक करायची कुणालाच आठवत नाही. त्या सहा मिनिटांत ती सर्वांत सरस ठरली आणि खऱ्या वर्गात पहिल्याच आठवड्यात अडखळली.

शाळा मराठी माध्यमाची, इयत्ता सहावी, पटावर ५२ मुले. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे ही मुले पाच वर्षे इंग्रजीच्या सहवासात होती. त्यांना अक्षरे येत, फळाफुलांची नावे येत, कविता साभिनय म्हणता येत. विचारलेल्या प्रश्नाला पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचे म्हटले की मात्र वर्ग मुका होई. तिने पाठ घेतला तो ‘मेनी’ आणि ‘मच’ यांचा. पाठ टाचण निर्दोष होते. गणनीय नामे, अगणनीय नामे, व्याख्या, उदाहरणे, रिकाम्या जागा, सारे फळ्यावर वळणदार अक्षरांत उतरले. मागच्या बाकावर बसलेल्या मार्गदर्शक बाईंनी वहीत एकच शेरा लिहिला, ‘‘३५ मिनिटांच्या तासात ३० मिनिटे आपण बोललात.’’

तो शेरा तिला झोंबला. रात्री ती पेढीवर जाऊन बसली. काट्यावर तांदूळ चढत होता, साखर चढत होती. साबणाच्या वड्या आणि काडेपेट्या नगावर जात होत्या. काही वस्तू मोजायच्या आणि काही तोलायच्या, ही विभागणी पेढीवरचा नवा नोकरही पहिल्या दिवशी शिकतो. ती व्याख्या पाठ करून शिकत नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात पिशवी गेली. तांदूळ, साखर, वड्या, पेन्सिली, बटणे. एक गट दुकानदार, एक गट गिऱ्हाईक. मोजायची वस्तू हवी असेल तर ‘हाउ मेनी’ आणि तोलायची असेल तर ‘हाउ मच’, याहून अधिक तिने काही सांगितले नाही. वर्गात गोंगाट माजला. शेजारच्या वर्गावरील शिक्षक दोनदा डोकावून गेले. पण तो गोंगाट बराचसा इंग्रजीत होता, मोडक्या का होईना.

तेवढ्यात तिसऱ्या बाकावरील मुलगी उभी राहिली. तिची आई आठवडे बाजारात भाजी विकत असे. ‘‘मॅडम, कांदे तर आम्ही तोलून देतो. मग कांद्याला मच म्हणायचे का?’’

छात्राध्यापिका थबकली. कांद्याला ‘मेनी’ लागते, हे तिला माहीत होते. परंतु का, याचे उत्तर तिने स्वतःच घालून दिलेल्या नियमात नव्हते; उलट तो नियमच त्या प्रश्नाने मोडला होता. मागे मार्गदर्शक बाई गुण देण्यासाठी बसलेल्या. ‘तो अपवाद आहे, पाठ करा’ असे म्हणून वेळ मारून नेणे सोपे होते. कित्येक वर्गांत ते रोज घडते. ती म्हणाली, ‘‘तुझे बरोबर आहे. माझा नियम इथे चुकतो. मी उद्या सांगेन.’’ तास संपला. मूल्यमापन तक्त्यातील ‘उद्दिष्ट साध्य’ या रकान्यात त्या दिवशी गुण कमी पडले.

अण्णांनी त्या रात्री प्रथमच तिच्या अभ्यासात मन घातले. कांद्याचे ऐकून त्यांनी समोरची दोन पोती दाखवली. ‘‘तांदूळ आणि हरभरा, दोन्ही धान्येच. एकाच काट्यावर चढतात. यांना इंग्रजीत एकच लागते ना?’’ लागत नव्हते. इंग्रजीत तांदूळ अगणनीय, तर हरभरा आणि वाटाणा गणनीय. घरातल्या इंग्रजी-मराठी कोशात याचा पत्ता नव्हता. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून आणलेल्या विद्यार्थी कोशात प्रत्येक नामापुढे तशी खूण होती. जपानमध्ये इंग्रजी शिकवणाऱ्या ए. एस. हॉर्नबी यांनी परभाषिक विद्यार्थ्यांच्या अडचणी ओळखून सहकाऱ्यांसह असा कोश रचला. तो १९४२ मध्ये टोकियोत आणि १९४८ मध्ये ऑक्सफर्डकडून प्रसिद्ध झाला. वाटाण्याची कथा तर आणखी गमतीची निघाली. जुन्या इंग्रजांच्या तोंडी ‘पीज’ हा शब्द तांदळासारखाच अगणनीय आणि एकवचनी होता. शेवटचा ‘ज’ अनेकवचनाचा आहे असा लोकांचा समज झाला आणि त्यातून ‘पी’ हे नवे एकवचन जन्माला आले. अण्णा हसले. ‘‘म्हणजे तिथेही हिशेबात चूक झाली आणि ती तशीच पुढे ओढली गेली!’’

सकाळी तिने वर्गाला सांगितले की इंग्रजी भाषा काट्याकडे पाहत नाही. वस्तू सुटी, एकेक अशी मनात येते की एकसंध रास म्हणून येते, एवढेच ती बहुधा पाहते. आणि कधी कधी तेही पाहत नाही. मग तिने वाटाण्याची कथा सांगितली. मुलांना नियमापेक्षा कथाच आवडली.

मार्गदर्शक बाईंनी गुण बदलले नाहीत. त्यांनी तिला वाचायला दिले ते एन. एस. प्रभू यांचे १९८७ चे पुस्तक. १९७९ ते १९८४ या काळात प्रभू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बंगलोर, मद्रास आदी ठिकाणच्या सामान्य शाळांत एक प्रयोग केला. व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांपुढे नकाशे आणि वेळापत्रके ठेवली. अमुक गावाहून निघालेला माणूस तमुक गाडी पकडू शकेल काय, असे प्रश्न सोडवायला दिले. मन अर्थाशी झुंजत असताना भाषा आपोआप घडत जाते, अशी त्यामागची धारणा होती. त्या प्रयोगावर शंकाही पुष्कळ घेतल्या गेल्या. सुनेला मात्र ते पुस्तक वाचताना तिसऱ्या बाकावरील ती मुलगीच दिसत राहिली. इंग्रजीच्या तासाला इंग्रजीचा विचार करणारी त्या वर्गातली ती पहिली मुलगी होती. आणि आपला पुतण्या वर्षभरात असा एकही प्रश्न विचारू शकला नाही, कारण आपण त्याला तशी उसंतच दिली नाही, हेही तिला तेव्हाच कळले. साहित्याच्या पदवीने हे शिकवले नव्हते. तिथे उत्तरे लांबलचक असत.

आंतरवासितेच्या शेवटच्या दिवशी त्या मुलीने एक कागद आणून दिला. आईच्या पाटीतील भाज्यांची यादी होती. एका बाजूला ‘मेनी’, त्याखाली कांदे, बटाटे, मिरच्या, लिंबे. दुसऱ्या बाजूला ‘मच’, त्याखाली आले आणि लसूण. दोन्ही रकान्यांच्या मधोमध कोथिंबीर लिहून पुढे मोठे प्रश्नचिन्ह काढले होते. खाली मराठीत टीप होती, ‘पाने मोजता येत नाहीत, पण आई जुड्या मोजते.’

जुडीला इंग्रजीत काय म्हणतात, हे तिने वर्गाला अजून शिकवले नव्हते. घंटा व्हायला दहा मिनिटे होती. तिने खडू घेतला आणि तो त्या मुलीच्या हाती दिला.