कांस्याचा रंधा

मी चौदा वर्षांचा होतो तेव्हाची गोष्ट. १९७८ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत वडिलांनी मला आमच्या गावातील उस्तादांकडे सुतारकाम शिकायला पाठवले. आमचे गाव रत्नागिरीजवळ, समुद्राच्या काठी. उस्तादांचे दुकान म्हणजे कौलांची एक पडवी होती. तिथे सागाचा वास आणि भुसा बारा महिने असे. उस्ताद 'रंदा' म्हणत, माझे आजोबा 'रंधा' म्हणत. शब्द एकच, फारसीतून आलेला. तुम्हांला तो घरचाच वाटेल.

उस्तादांकडे लाकडी रंधे पाच-सहा होते. पण एक रंधा वेगळा होता. तो बिडाचा होता, आणि उस्तादांनी तो मुंबईहून आणला होता. पात्याची खोली त्यात मागच्या चाकीने कमीजास्त करता येई. लाकडी रंध्यात पाचर ठोकून पाते बसवावे लागते. इथे नुसते बोट फिरवले की काम झाले! तो रंधा ते रोज संध्याकाळी खोबरेल तेलाच्या फडक्याने पुसत. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. शिवाय खारा वारा असतो. पावसाळ्यात एक रात्र जरी विसरले, तरी सकाळी तळावर तांबूस गंज दिसे.

एके दिवशी उस्ताद नमाजाला गेले होते. मी तो रंधा हळूच घेतला. एका फळीवर चालवून पाहिला. पातळ, कुरळी साल वर आली आणि मी इतका खूष झालो, की रंधा बाकाच्या अगदी कडेला ठेवला. माझा कोपर लागला. खाली जांभ्या दगडाची फरशी होती. रंधा पडला आणि तोंडापासून बाजूपर्यंत तडकला.

उस्ताद परत आले. त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून पाहिले, रागावले नाहीत. "बेटा, बीड आहे ते. जोडत नाही," एवढेच म्हणाले आणि लाकडी रंधा घेऊन कामाला लागले. ते रागावले असते तर बरे झाले असते, असे मला कितीतरी वर्षे वाटत राहिले.

बीड का तडकते, हे मला पुढे कळले. त्यात कार्बनचे प्रमाण दोन ते चार टक्के असते. त्यातला बराचसा कार्बन बारीक पापुद्र्यांच्या रूपात राहतो. फटका बसला, की तडा त्या पापुद्र्यांच्या वाटेने धावतो. कांस्याचे तसे नाही. ते तांब्याचे मिश्रण आहे. ते पडले तर चेमटते, पण सहसा फुटत नाही. त्यावर लाल गंजही चढत नाही. फार तर रंग काळपट होतो. शिवाय ते वजनदार असते. एक घन सेंटिमीटर बीड सुमारे ७.२ ग्रॅम भरते, तर कांस्य सव्वाआठ ते पावणेनऊ ग्रॅम. जड रंधा एकदा चालू लागला, की गाठीवर थरथरत नाही. हात मात्र लवकर दुखतो, हे सांगितले पाहिजे.

अमेरिकेतील मेन राज्यात थॉमस ली-नील्सन यांनी १९८१ मध्ये रंध्यांचा कारखाना सुरू केला. त्यांचे पहिले अवजार कडा साफ करण्याचा कांस्याचा लहान रंधा होते. ते वाचल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळत होती. तसा रंधा विकत घेण्याची माझी ऐपत नव्हती. मी तेव्हा मुंबईत नोकरीला होतो. दारूखान्याच्या भंगार बाजारातून मी जहाजाच्या जुन्या पंख्याचा एक तुकडा आणला. पंख्याच्या त्या धातूला मँगनीज कांस्य म्हणतात. नाव कांस्य असले तरी त्यात कथलापेक्षा जस्तच जास्त असते! मी रंध्याचा लाकडी नमुना बनवला. धातू थंड होताना आकसतो, म्हणून फुटामागे सुमारे पाव इंच वाढवून बनवला. ओतारी दादांनी तो वाळूत दाबून साचा केला आणि वितळलेला धातू त्यात ओतला. पहिल्या ओतकामात पोटात पोकळी राहिली. दुसरे साधले. त्यानंतर तीन महिने मी रोज रात्री कानस चालवत होतो. तळ सपाट करणे हे सर्वांत कंटाळवाणे काम. हाताला तांब्याचा वास येई, तो साबणानेही जात नसे.

एक गोष्ट मात्र खरी. साल कशी निघते ते पात्याच्या धारेवर ठरते, आणि पाते शेवटी पोलादाचेच लागते. धार बोथट असेल, तर कांस्याचा रंधाही लाकूड ओरबाडतो. बाकी मऊ धातूमुळे तळावर ओरखडे लवकर उठतात. तरीही सोनेरी धातूवर दिवा पडला, की तो रंधा पुन्हा हातात घ्यावासा वाटतो. याला कारण विचारू नये.

१९९६ साली मी तो घेऊन गावी गेलो. उस्ताद सत्तरीच्या पुढे गेले होते. त्यांनी चष्मा पुसला, रंधा तोलून पाहिला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला. मग एका सागाच्या तुकड्यावर दोनदा चालवला. साल उचलून उजेडाकडे धरली.

"पडला तर?" त्यांनी विचारले.

"फुटणार नाही, उस्ताद."

त्यांनी रंधा बाकाच्या बाहेर धरला. मी नकळत हात पुढे केला. ते हसले, आणि त्यांनी रंधा सोडून दिला. जांभ्यावर आवाज झाला. आम्ही दोघेही वाकलो. पुढच्या कोपऱ्यावर गव्हाच्या दाण्याएवढी चेमट आली होती. बाकी सारे शाबूत होते.

"ठेव इथेच," उस्ताद म्हणाले आणि खोबरेल तेलाचे फडके शोधू लागले.