जे मशीन थांबतं

अण्णांचा हातदगड अजून आमच्या चष्म्याच्या लॅबच्या दारामागे उभा आहे. वाटोळा, कडेला झिजून गुळगुळीत झालेला. त्यावर काच घासताना ते कोपर पोटाशी घट्ट धरायचे आणि दोन्ही हातांच्या चिमटीतली काच एका लयीत फिरवत राहायचे. त्याआधी हिऱ्याच्या कलमानं मापाची रेघ ओढायची, जास्तीची काच पकडीनं कुरतडून काढायची. घासून झालं की काच खिडकीच्या गजासमोर धरून हळूहळू फिरवायचे. काचेत सिलिंडरचा नंबर असेल तर आतून दिसणारा गज तिरका होतो, फिरवत गेलं की एका जागी सरळ उभा राहतो. तो सरळ उभा राहिला की अण्णा ती जागा फ्रेमशी पडताळून बघायचे. दिवसाला दहा-बारा जोड्या निघायच्या.

आज आमच्याकडे साठ-सत्तर जोड्या येतात. मिरज हे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे चष्मे बाराही महिने असतात. शिवाय तासगाव, विटा, जत, कवठे महांकाळच्या दुकानांचे ट्रे सकाळच्या एसटीनं येतात आणि संध्याकाळच्या गाडीत परत चढायला हवेत. एवढं काम हातदगडावर होत नाही. ते एजिंग मशीनचंच काम, आणि मशीन निवडण्यात चूक झाली की ती रोज साठ-सत्तर जोड्यांत मिसळून बाहेर जाते.

नवीन लॅब टाकणारी मुलं फोन करतात. "ताई, कुठला एजर घेऊ?" पाठोपाठ दुसरा प्रश्न ठरलेला, "मिनिटाला किती काचा काढतो?" मी त्यांना आधी गुरुजींची गोष्ट सांगते.

जत तालुक्यातले एक शिक्षक. उजव्या डोळ्याला उणे तीनचा सिलिंडर, ऍक्सिस म्हणजे त्याचा कोन ९०. पाणी न धरणारं कोटिंग मागितलेलं. काच आमच्याकडे घासली, चष्मा गेला. तीन आठवड्यांनी ते दुकानदाराबरोबर स्वतः मिरजेला आले. गाडी चालवणं त्यांनी सोडलं होतं. रस्त्याचा काठ कलल्यासारखा दिसायचा, फळ्यावरची आपलीच ओळ उतरती वाटायची. दुकानात त्यांना सांगितलं होतं, नवा चष्मा आहे, होईल सवय. त्यांनी तीन आठवडे सवय करायचा प्रयत्न केला. मी चष्मा नंबर मोजणाऱ्या लेन्सोमीटरवर ठेवला. ऍक्सिस ९८.

आठ अंश. घड्याळाच्या काट्याच्या हिशेबात दीड मिनिटाएवढाही कोन नाही. पण उणे तीनच्या सिलिंडरला आठ अंशांचा फरक म्हणजे जवळजवळ ०.८३ डायॉप्टरचा नवाच सिलिंडर डोळ्यापुढे उभा राहतो, तोही तिरका. आणि ३० अंश चुकलं तर चष्मा लावूनही मूळ सिलिंडरएवढाच दोष शिल्लक राहतो. अमेरिकी मानकात दीडच्या वरच्या सिलिंडरला ऍक्सिसची मुभा फक्त दोन अंशांची आहे, ती उगीच नाही.

त्या रात्री मी त्या पंधरवड्याच्या जॉबकार्डांची चळत काढून बसले. आमच्या हातचं ब्लॉकिंग, म्हणजे काचेवर कप बसवणं, बरोबर होतं, ठिपके बरोबर होते. चूक चकमध्ये झाली होती. काचेवर सक्शन कप पॅडनं चिकटवतात, चक तो कप पकडतो आणि खरबरीत व्हील काचेला घासायला लागतं. साध्या काचेला पॅड घट्ट बसतो. पाणी न धरणाऱ्या कोटिंगवर पॅडही धरत नाही. व्हीलचा ओढा लागला की काच कपाखाली हळूच सरकते आणि कप मात्र जागच्या जागी. मशीनच्या लेखी सगळं ठीक. आकार फ्रेमला तंतोतंत, बेव्हल सुबक, पडद्यावर 'पूर्ण'. आमचं ते जुनं मशीन त्या पंधरवड्यात एकदाही बंद पडलं नव्हतं, आणि आम्ही सगळ्यांना अभिमानानं तेच सांगत होतो. घाईच्या दिवसांत घासल्यानंतरची तपासणी आम्ही मशीनच्या भरवशावर टाकली होती. तशा कोटिंगच्या सगळ्या जोड्या मी परत मागवल्या. आणखी चार चुकलेल्या निघाल्या. त्या चौघांपैकी एकानंही तक्रार केली नव्हती. तेसुद्धा सवय करत होते.

त्या दिवसापासून माझ्या मनात भरवशाच्या मशीनचा अर्थ बदलला. गडबड झाली की जे थांबतं, शिटी वाजवतं, काच हातात परत देतं, ते भरवशाचं. थांबलेल्या मशीननं माझा अर्धा तास जातो. न थांबता चुकणारं मशीन कुणाच्या तरी डोळ्यांवर जाऊन बसतं.

नवं मशीन बघायला गेले तेव्हा पिशवी भरूनच गेले. दाखवणारे नेहमी उणे एकची साधी सीआर-३९ काच आणि गोलसर फ्रेम घेतात. त्यावर कुठलंही मशीन देखणं काम करतं. माझ्या पिशवीत १.६७ इंडेक्सची उणे आठची निसरड्या कोटिंगची काच होती. सुप्रा फ्रेमसाठी पॉलिकार्बोनेट होती, म्हणजे मागून नायलॉनच्या दोऱ्याची खाचही पाडायची. एक अरुंद, जेमतेम २४ मिलिमीटर उंचीची फ्रेम होती. काही मशीनच्या चकला एवढी कमी उंची झेपत नाही आणि व्हील चकवरच घासायला लागतं. निसरड्या काचेवर मी आधीच मार्करनं आडवी रेघ ओढून ठेवली होती. घासून आल्यावर ती रेघ कपाच्या खुणेशी जुळते का, एवढंच बघायचं. दोन ठिकाणी रेघ सरकलेली निघाली. तिसऱ्या ठिकाणी मशीन काचेवर पडणारा ओढा ओळखून दाब कमी करत होतं. काच सावकाश झाली, पण रेघ जागेवर राहिली. तिथे मी खुर्ची ओढून बसले.

मग एकाच आकाराच्या वीस काचा सलग घासून मागितल्या. पहिली आणि विसावी एकमेकींवर ठेवून खिडकीकडे धरल्या. व्हील तापलं, पाणी कमी पडलं की माप हळूहळू सरकतं, आणि सकाळी फ्रेममध्ये टचकन बसणारी काच संध्याकाळी डुगडुगते किंवा फ्रेमला ताण देते. ताणलेल्या काचेवरचं कोटिंग पुढे तडकतं. वीसही काचा सारख्या होत्या. शेवटी मी म्हटलं, काच अर्धी घासून झाली की मेन स्विच बंद करा. दाखवणारा मुलगा क्षणभर गप्प झाला. पण आमच्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही, आणि उन्हाळ्यात तर मशीन स्टॅबिलायझरशिवाय लावायचंच नाही. वीज परत आल्यावर मशीन ते काम कुठल्या टप्प्यावर सोडतं, काच चकमधून सुखरूप निघते का, हे घेण्याआधी कळायला हवं.

तेवढ्यावरही मी पैसे दिले नाहीत. तेच मशीन सहा वर्षं वापरणाऱ्या एका लॅबमध्ये जाऊन अर्धा दिवस बसले. मालकाला विचारलं, बिघाड किती वेळा झाला ते नको, बिघाड झाला तेव्हा मशीननं आधी सांगितलं का? झाकण उघडून आतला पांढरा गाळ बघितला, चकचा दांडा बोटांनी हलवून बघितला. तो हलत असेल तर आत पाणी शिरलेलं असतं. दुरुस्ती करणारा माणूस पुण्याहून निघतो की मुंबईहून, व्हील, फीलर आणि पॅड किती दिवसांत येतात, तेही तिथेच कळलं. माहितीपत्रकात यातलं काही नसतं. मिरजेत तंतुवाद्यं करणारे घोडीवर जवारी काढतात तेव्हा केसभर घासतात, ऐकतात, पुन्हा घासतात. आवाज उघडला तर तिथेच थांबतात, कारण एकदा जास्त घासलं गेलं की परत घालता येत नाही. काचेचंही तसंच आहे, म्हणून मशीन घेताना मी वेळ लावते आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पाण्याच्या बाबतीत मात्र मीच चुकत होते. बोअरचं पाणी क्षाराचं. घासताना पाणी सोडणाऱ्या नळीचं तोंड त्यानं हळूहळू बारीक होत जातं आणि ते दिसत नाही. सीआर-३९ ला फारसा फरक पडत नाही, भुकटीच निघते. पॉलिकार्बोनेट मात्र उष्णतेनं मऊ पडते, कडेला चिकट धागे ओढले जातात आणि व्हीलची खरबरीत बाजू भरून जाते. १.६७ ची काच घासताना तर कुजक्या गंधकासारखा वास लॅबभर पसरतो. टाकीत गाळलेलं मऊ पाणी, रोज संध्याकाळी गाळ उपसणं, व्हीलला वेळेवर ड्रेसिंग स्टिक. एवढं सुरू केलं आणि निम्मे 'बिघाड' संपले.

एकच महागडं मशीन घेण्याऐवजी आम्ही मधल्या किमतीची दोन सारखी मशीन घेतली. एक थांबलं तरी दुसऱ्यावर काम चालतं, सुटे भाग एकच, आणि दोन्हींवरचा हात सारखा बसतो. बाकी माझा नियम एकच. घासून आलेली प्रत्येक काच लेन्सोमीटरवर जाते, मग फ्रेममध्ये. घाई असो नसो.

मागच्या आठवड्यात संध्याकाळी सव्वासहाला मशीन थांबलं. शेवटचे तीन ट्रे उरले होते, विट्याच्या गाडीला अर्धा तास. पडद्यावर आलं, काच लहान पडते. उणे सातची काच, मोठी फ्रेम, आणि पुरवठादारानं ७० मिलिमीटरऐवजी ६५ ची पाठवलेली. बाहेरच्या वरच्या कोपऱ्यात दीड मिलिमीटर कमी. आमच्याकडे नवीन आलेला मुलगा म्हणाला, "ताई, सेंटर दीड मिलिमीटर बाहेर सरकवलं तर बसते बघा."

बसली असती. मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, गुण. प्रेंटिसचा नियम, सेंटीमीटर गुणिले नंबर. ०.१५ गुणिले सात. त्यानं मांडलं, एक पूर्णांक शून्य पाच प्रिझम. मग म्हणाला, "एका डोळ्याला एवढा?"

"एका डोळ्याला एवढा. दुसऱ्याचं सेंटर जागेवर."

त्यानं काच चकमधून काढली, पाकिटात घातली आणि वर तारीख लिहिली. बाकीचे दोन ट्रे गाडीला लागले. विट्याच्या दुकानदाराला मी फोन करून सांगितलं की ती जोडी परवाच्या सकाळच्या गाडीनं येईल, काच ७० ची मागवली आहे.