पलीकडचा तीर

आमचे कळवण डोंगरांच्या कुशीत वसलेले आहे. समुद्र तेथून दूर. तरीही त्याच्याशी आमचे नाते आहे. आमच्या तालुक्यातून वाहणारी गिरणा पुढे तापीला मिळते आणि तापी सुरतेजवळून अरबी समुद्रास जाते. लहानपणी मी गिरणेत कागदाच्या होड्या सोडी, तेव्हा आजोबा हसून म्हणत, "निघाली बघ तुझी होडी समुद्रावर!"

आजोबांनी जन्मभर कांदा पिकवला. समुद्र मात्र कधी पाहिला नाही. सातवीत असताना मी मामांकडे मुंबईस गेलो आणि जुहूच्या किनाऱ्यावर प्रथमच समुद्र पाहिला. कोळ्यांची एक होडी दूर जाता जाता ठिपक्याएवढी झाली आणि पाहता पाहता दिसेनाशी झाली. घरी परतल्यावर मी हे सारे मोठ्या उत्साहाने सांगितले. आजोबांनी एकच प्रश्न विचारला, "पलीकडचा तीर दिसत नाही म्हणतोस, मग ती माणसे कशाच्या भरवशावर जातात रे?"

मला उत्तर देता आले नाही.

पुष्कळ वर्षांनी मी नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांची हकिकत वाचली. १९ ऑगस्ट २००९ रोजी ते 'म्हादेई' या शिडाच्या नौकेतून मुंबईहून एकटेच निघाले. वाटेत चार बंदरांत थांबून, पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून, १९ मे २०१० रोजी ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय होत. ती नौका गोव्यात बांधली होती, आणि तिचे नाव तेथल्या नदीचे होते. मांडवीलाच म्हादेई म्हणतात. नौकेच्या बांधणीपासून दोंदे तिच्याजवळ होते. भर समुद्रात काही मोडले, तर दुरुस्तीला दुसरे कोण येणार? म्हणून तिचा भाग न् भाग त्यांनी आधीच जाणून घेतला होता. वारा त्यांच्या हाती नव्हता. तयारी मात्र हाती होती.

हे वाचताना मला आजोबा आठवले. पाऊस कसा पडेल, भाव काय मिळेल, हे ठाऊक नसतानाही ते वाफे नीट करीत, निवडलेले उळे मातीत टाकीत आणि पहाटे उठून पाणी देत. त्यांनाही पलीकडचा तीर कधी दिसला नव्हता.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्याच शेतात सापडले. पण ते ऐकायला तोवर आजोबा राहिले नव्हते. म्हणून मुलांनो, ते मी तुम्हांला सांगत आहे.