अर्ज कुणाचा?

आमच्या घरात संगणक एक आणि वापरणारे दोन. मी कॉलेजचं काम करतो, अधूनमधून मराठीत काहीबाही लिहितो. अकरावीतले चिरंजीव सुट्टीत गेम खेळतात. जुन्या कीबोर्डची बटणं रुतायला लागली तेव्हा त्यानं फर्मान काढलं, "बाबा, आता मेकॅनिकलच." साध्या कीबोर्डात बटणांखाली रबराची एकच चादर असते, यात प्रत्येक बटणाला स्वतःचा स्विच आणि स्वतःची स्प्रिंग, हे मला त्याच्याकडूनच कळलं. किंमत ऐकून मी चष्मा काढून पुसला.

मित्राकडून त्यानं दोन कीबोर्ड पाहायला आणले. लाल स्विचचं बटण कुठंही न अडखळता सरळ खाली जातं. साधारण दोन मिलिमीटर दाबलं की काम झालं, आवाजही बेताचा. खेळणाऱ्याला तेच हवं. निळ्यात मात्र बोटाला बारीक खटका लागतो आणि 'टक्' वाजतं. (तपकिरीही असतो म्हणे, त्यात खटका आहे, टक् नाही.)

रात्री जेवणं झाल्यावर मी निळ्यावर बसलो. दहा मिनिटांत आई आतून उठून दाराशी आली. "अर्ज कुणाचा?"

मला काही सुचेना. माझे वडील बेळगावात कोर्टाबाहेर टायपिंग करत, उरलेले अर्ज घरी आणून रात्री मशीन बडवत. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. आईला हल्ली काल-परवाचं आठवत नाही. "कुणाचा नाही गं, माझंच आहे," म्हणालो. ती खुर्ची ओढून तिथंच बसली. बऱ्याच वेळानं डुलक्या घेऊ लागली.

मुलानं तोडगा काढला होता: स्विच उपटून बदलता येतात असा कीबोर्ड घ्यायचा. पण दर शनिवारी ऐंशीच्या वर स्विच उपटणार कोण? त्या रात्रीनंतर त्यानं तो विषय काढला नाही. निळाच आला. तो कानाला हेडफोन लावून त्यावरच खेळतो, कुरकुरतो.

बटणांवर अक्षरं फक्त इंग्रजी. माझं अडत नाही, इन्स्क्रिप्ट बोटांत बसलंय. परवा तो शेजारी येऊन बसला. शाळा सगळी इंग्रजी माध्यमातली. म्हणाला, "बाबा, यात ळ कुठं असतो?"

"शिफ्ट धर आणि एन दाब."

टक्.