कसबा पेठेतली ताऱ्यांची शाळा

पुण्याला गेलेला शेतकरी माणूस गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जातो, शेतकी कॉलेजात जातो, कोर्टकचेरी असेल तर शिवाजीनगरला जातो. फार तर दगडूशेठच्या गणपतीला हात जोडतो आणि संध्याकाळची एसटी पकडतो. कसबा पेठेत आपले काम असे काही नसते. माझे मात्र तिथे येणेजाणे आहे, कारण माझी थोरली बहीण, आमची आक्का, लग्न होऊन त्याच पेठेतल्या एका जुन्या वाड्यात गेली. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या जानेवारीत, मी तिच्याकडे दोन दिवस राहिलो ते एका वेगळ्याच कामासाठी. रात्रीच्या आकाशाचे फोटो कसे काढायचे हे शिकायला! तुम्ही हसाल. आक्काही हसली. “पन्नाशी उलटल्यावर तारे मोजायला निघालास होय रे?” म्हणाली.

हे खूळ भाच्याचे. त्याच्याकडे कॅमेरा आहे. काही हौशी मंडळी नवशिक्यांसाठी एक दिवस आणि एक रात्र अशी कार्यशाळा घेतात, वर्ग कसब्यातल्याच एका वाड्याच्या माडीवर भरतो, हे त्यानेच सांगितले. त्याचे नाव घातलेले होते, पण ऐन वेळी त्याला नोकरीच्या कामाने बाहेरगावी जावे लागले. फोनवर म्हणाला, “मामा, तुम्हीच जा. तुम्हाला नक्षत्रं येतात ना?”

इथेच माझी गोची झाली. मंडळी, नक्षत्रे मला येतात ती पंचांगातली. मृग सात-आठ जूनला निघतो, मग आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य; वाहन बेडूक की म्हैस, हेही सांगेन. तीस वर्षे गावोगाव पेरणीच्या सभा घेतल्या आहेत. पण आकाशाकडे बोट करून मृग दाखवा म्हटले असते तर मी खाली मान घातली असती. आमचे आबा अक्षरशत्रू होते, पण रात्री पाण्याला दारे धरताना तिकांड्याकडे पाहून वेळ सांगत. मी बी.एस्सी. झालो आणि हातात घड्याळ बांधले.

शनिवारी, २५ जानेवारीला, स्वारगेटला एसटीतून उतरलो आणि जमिनीखालच्या मेट्रोत बसलो. २९ सप्टेंबर २०२४ ला हा मार्ग सुरू झाला आहे. मधे मंडई लागते आणि पुढचे स्थानक कसबा पेठ. सरकत्या जिन्याने वर आलो तो एकदम जुन्या पुण्यात. कसबा म्हणजे मूळ गाव. बाकीच्या पेठा मागाहून वसल्या. कसबा गणपती हे पुण्याचे ग्रामदैवत आणि विसर्जनाच्या मिरवणुकीतला पहिला मान त्याचा. जवळच लालमहाल. सध्याची इमारत महापालिकेने बांधलेली, अलीकडची आहे. पण उजाड पडलेल्या पुण्याच्या जमिनीवर जिजाऊंनी बाल शिवाजीराजांच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला ही कथा याच भागातली. पुण्याची नव्याने सुरुवात नांगराने झाली हे आपल्या लोकांनी ध्यानात ठेवावे. एप्रिल १६६३ मध्ये महाराजांनी शाएस्तेखानावर छापा घातला तोही लालमहालातच, रात्रीच्या अंधाराचा आधार घेऊन. आज तिथे मध्यरात्रीही सुईत दोरा ओवता येईल इतका उजेड असतो.

तांबट आळीतून गेलो. पूर्वीइतके नसले तरी हातोड्यांचे ठोके अजून ऐकू येतात. बंब, घंगाळी, हंडे घडवून झाले की त्यांवर हातोडीने सारखे ठोके देत जातात, त्याला मठारकाम म्हणतात. पत्रा त्याने बळकट होतो आणि भांड्याला झळाळी येते. आईच्या लग्नातला बंब इथूनच आला होता. आम्ही तो मोडीत घातला आणि प्लास्टिकची बादली आणली, हे आठवून पाय जरा लवकर उचलले.

वाड्याच्या माडीवर आम्ही बारा जण होतो. बँकेतले, कॉलेजातले, एक निवृत्त शिक्षिका. शिकवणारी मुलगी माझ्या लेकीच्या वयाची. तिने पहिल्यांदा पुण्याचा आकाशाशी जुना संबंध सांगितला, तो मला नवा होता. इथल्या सायन्स कॉलेजात कावसजी नायगमवाला नावाचे प्राध्यापक होते. महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा त्यांनी उभी केली. २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला ते दुर्बिणी आणि कॅमेरे घेऊन गेले कुठे, तर आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला! परदेशातले शास्त्रज्ञही तिथे तंबू ठोकून होते. त्या काळी फोटो काचेच्या पट्टीवर उमटवायचे. करमाळ्याकडे जाताना जेऊरवरून मी कितीदा गेलो असेन. आंबे आणि केळी यापलीकडे त्या गावाचा विचार केला नव्हता. पुढे २२ ऑगस्ट १९४४ रोजी पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही देशातली सर्वांत जुनी संस्था. टिळक स्मारक मंदिरात तिचे काम चालते, आणि शाळकरी पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत कोणीही तिथे शिकायला जाऊ शकतो.

मग कॅमेरा. सुरुवातीला माझ्या डोक्यावरून जात होते, पण पाण्याचा हिशोब लावला आणि उलगडले. तुम्हीही तसाच लावा. उजेड म्हणजे पाणी. भिंगातले छिद्र म्हणजे दारे. रात्री उजेड कमी, म्हणून दारे होईल तेवढे मोठे करायचे. झडप किती वेळ उघडी ठेवायची, म्हणजे दारे किती वेळ धरायचे. दिवसा सेकंदाचा शंभरावा भागही पुरतो, रात्री पंधरा-वीस सेकंद लागतात. तिसरे आयएसओ, म्हणजे जमीन पाणी किती ओढते ते. तो सोळाशे ते बत्तीसशेवर ठेवायचा. फार वाढवला तर चित्रात रेतीसारखे दाणे उमटतात.

मी विचारले, “ताई, वीस सेकंदांऐवजी दोन मिनिटे धरले तर?” ती म्हणाली, “काका, पृथ्वी थांबत नाही ना!” तासाला पंधरा अंश ती फिरते, त्यामुळे तारा ठिपका न राहता रेघ होतो. त्यासाठी एक सोपे गणित आहे. ५०० ला भिंगाच्या मिलिमीटरने भागायचे. आमचे भिंग १८ चे, म्हणजे सुमारे २८ आले. साध्या कॅमेऱ्यातली उजेड टिपणारी चकती लहान असते, म्हणून ते पुन्हा दीडने भागायचे. उरले १८ सेकंद. कॅमेरा नसला तरी अडत नाही. हल्लीच्या बऱ्याच मोबाइलमध्ये रात्रीच्या फोटोची सोय असते. तिवई नसेल तर दगडांच्या बेचक्यात मोबाइल घट्ट बसवा आणि दोन सेकंदांनी आपोआप फोटो निघेल असे लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

संध्याकाळी वाड्याच्या गच्चीवर सराव झाला. पश्चिमेला शुक्र ठळक, डोक्याकडे गुरू, पूर्वेला तांबूस मंगळ. बाकी तारे बोटांवर मोजण्याइतके. शेजारच्या इमारतीवर जाहिरातीचा फलक होता, त्याच्या उजेडात आमच्या सावल्या पडत होत्या.

रात्री गाडीने भोरच्या बाजूला डोंगराआडच्या एका माळावर नेले. तिथे पहिला नियम, पांढरी बॅटरी लावायची नाही. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटे लागतात आणि एका बॅटरीने सगळी कमाई जाते. लाल कागद लावलेली बॅटरी चालते. माझा पहिला फोटो काळाकुट्ट आला, कारण भिंगाचे झाकण काढले नव्हते. दुसऱ्यात तारे पिठाच्या गोळ्यांसारखे. रात्री कॅमेऱ्याला आपोआप नेम धरता येत नाही. ठळक तारा पडद्यावर मोठा करून भिंगाची कडी हाताने फिरवत राहायची, तारा सुईच्या टोकाएवढा झाला की थांबायचे. तिसऱ्या फोटोत मृग आला. चार पायांचे चार तारे आणि मधे तिकांडे, एका ओळीत तीन. विदर्भात यालाच तिफण म्हणतात. आपल्या बापजाद्यांनी आभाळातही पेरणीचे औत पाहिले.

तेव्हा कुठे मला कळले की जूनमध्ये मृग ‘निघतो’ तेव्हा सूर्यच त्या ताऱ्यांपाशी असतो, म्हणून ते दिसत नाहीत. मृग पाहायचा तो थंडीत, हरभऱ्याच्या राखणीला. पंचांग सांगणाऱ्या माणसाला हे पन्नाशीनंतर कळले, हे लिहिताना लाज वाटते, पण लिहितो. मृगाच्या खाली व्याधाचा तारा लखलखत होता. त्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा जास्त काळ लागतो. मी बोटे मोजली. २०१६ चा जून. लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले त्या उन्हाळ्याच्या अखेरीस, आम्ही सगळे वर पाहत बसलो होतो तेव्हा निघालेला तो उजेड!

शेवटी ध्रुवाकडे कॅमेरा लावला. ध्रुव आपल्याकडे फार उंच नसतो. हात लांब करून क्षितिजावर दोन मुठी ठेवल्या की त्याच्या आसपास तो सापडतो. फोटोत त्याच्या खाली तांबडा उजेड दिसला. “वणवा लागलाय का?” मी विचारले. “नाही काका, ते पुणे आहे.” पन्नास किलोमीटरवरचे पुणे! मग तिने नागपूरकडच्या पेंच व्याघ्र प्रकल्पाचे सांगितले. जानेवारी २०२४ मध्ये त्याला अंधारे आकाश जपणारे देशातले पहिले उद्यान म्हणून मान्यता मिळाली. आसपासच्या गावांनी रस्त्यांवरचे दिवे जमिनीकडे तोंड करून बसवले.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. आमचे गाव बार्शी तालुक्यातले. २०१९ मध्ये गावाच्या चौकात उंच खांबाचा हायमास्ट दिवा आला, त्याचा अर्ज मी लिहून दिला होता. गावठाणाला लागून भावकीतल्या अण्णांची पट्टी आहे. २०२३ च्या सप्टेंबरात ते माझ्याकडे आले. सगळे सोयाबीन पिवळे पडले, पण दिव्याकडच्या सात-आठ ओळी हिरव्यागार, पाला उदंड आणि शेंगा नाहीत. “बियाणं बोगस निघालं का रे?” मी जाऊन पाहिले. पाहताक्षणी कळले. सोयाबीनला फुलावर यायला लांब, अखंड काळोखी रात्र लागते. रात्रभर उजेड पडला की झाडाला वाटते, अजून दिवस मोठेच आहेत, आणि ते वाढतच राहते. शेवंतीवाले हंगाम पुढे ढकलायला मुद्दाम दिवे लावतात, ते याच कारणाने. हे मी कॉलेजात शिकलो होतो. तरी अण्णांना म्हणालो, “वाण उशिराचा असेल.” अर्ज माझ्या हातचा होता ना! अण्णांनी पुढच्या साली जास्त पैसे मोजून दुसऱ्या वाणाची पिशवी आणली. त्या ओळी तशाच हिरव्या राहिल्या. प्रकाश सापळा संध्याकाळी सात ते दहाच लावा, असे सभांतून सांगणारा मी; आणि माझा दिवा पहाटेपर्यंत जळत होता.

गावी आल्यावर अण्णांना फोटो दाखवले आणि खरे काय ते सांगितले. ते काही बोलले नाहीत. पानाचा डबा बंद केला आणि उठून गेले. आठ दिवसांनी स्वतःच आले आणि म्हणाले, “मग आता काय करायचं ते बोल.”

१ मे २०२५ च्या ग्रामसभेत विषय काढला. सोपे गेले नाही. बाया म्हणाल्या, रात्री-अपरात्री बाहेर पडावे लागते, पायाखाली साप असतो, उजेड हवाच. शेवटच्या एसटीने येणाऱ्या पोरींचे बापही तेच म्हणाले, आणि त्यांचे खोटे नव्हते. दिवा काढायचाच नाही, असे ठरले. शेताकडे तोंड असलेले दोन दिवे सोयाबीनच्या हंगामात दहानंतर बंद ठेवायचे आणि बाकीच्यांना पत्र्याची टोपी बसवून उजेड खाली पाडायचा. टोप्यांचा खर्च मी दिला.

ऑगस्टमध्ये त्या ओळींना बाकी शेताबरोबरच फुले आली. शेंगा मोजायच्या राहिल्या. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत दिव्याकडचे आणि अंधारातले, सगळेच सोयाबीन पाण्यात गेले.

पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरच्या मध्यावर एका रात्री अण्णा आणि मी बांधावर उभे होतो. शेतात चिखल, कुजक्या पाल्याचा वास. शेताकडचे दिवे बंद होते. पूर्वेला तिकांडे कासराभर वर आले होते. अण्णा म्हणाले, “अकरा वाजून गेले असतील.” मी मोबाइल काढून पाहिला. अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.