वाकेन पण मोडणार नाही

मंडळी, गेले पंधरा दिवस आमच्या घरात एकच विषय चालू आहे, सायकलीचा चिमटा. चिमटा म्हणजे पुढचं चाक दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क. भाच्याला ट्रायल्सचं वेड लागलंय आणि "मामा, मजबूत चिमटा सांग" म्हणून तो माझ्या मागे लागलाय.

ट्रायल्स म्हणजे पाय जमिनीला न टेकवता दगड, कठडे, पायऱ्या यांवरून सायकल न्यायची. डॅनी मॅकॅस्किलचा २००९ सालचा एडिंबर्गमधला व्हिडिओ ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं सांगायला नको. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा, पण घरातल्या मुलांना दाखवू नका :)

आता मजबूत म्हणजे काय? दुकानदार म्हणाले, "हा घ्या, मालाच्या सायकलीचा. दोन पोती टाका, काही होत नाही." खोटं नाही ते. आपल्या सोलापुरात पूर्व भागात सुताचे आणि टॉवेलांचे गठ्ठे लादलेल्या सायकली आपण पाहिल्याच आहेत. पण तो भार वरून, सावकाश येतो. उडीचं गणित वेगळं.

ढोबळ हिशेब करू. पोरगं आणि सायकल मिळून ७० किलो. ८० सेंटिमीटरवरून खाली आले. हातपाय सैल सोडून पुढच्या ४० सेंटिमीटरमध्ये वेग जिरवला, तर सरासरी भार तिप्पट, म्हणजे २१० किलो. हातपाय ताठ ठेवून १० सेंटिमीटरमध्येच थांबले, तर नऊपट, ६३० किलो! त्यात पुढचा ब्रेक दाबलेला असला की चाक मागे ओढलं जातं आणि सगळा ताण चिमट्याच्या माथ्याशी, उभी नळी जिथे जोडलेली असते तिथे येतो. तिथे तुकडा पडला की माणूस थेट तोंडावर. ताईला झोप लागत नाही ती उगाच नाही.

भाच्याला शॉकॲब्सॉर्बरवाला हवा होता. पण उडी मारायच्या आधी तो दबतो आणि पायांचा जोर त्यातच जिरतो, शिवाय स्वस्तातला असला की वजन भरपूर. म्हणून ट्रायल्सला साधा, न दबणाराच चिमटा वापरतात.

उरला प्रश्न धातूचा. ॲल्युमिनियम हलकं असतं आणि स्पर्धेतल्या सायकलींना त्याचे चिमटे असतातही. पण प्रत्येक लहान धक्का ते आत साठवत जातं, आणि एक दिवस फारसं न वाकता तडकतं. चांगलं पोलाद, म्हणजे सायकलवाले ज्याला क्रोमोली म्हणतात ते, जड असतं, पण बहुधा आधी वाकतं. हँडल वाकडं वाटतं, चाक फ्रेमच्या जवळ येतं, माथ्याखालचा रंग सुरकुततो. म्हणजे आपल्याला कळतं.

आपल्याकडे 'मोडेन पण वाकणार नाही' याचं फार कौतुक. माणसांचं ठीक आहे. पण ज्याच्या भरवशावर पोराचे दात आहेत तो चिमटा याच्या बरोबर उलट स्वभावाचा हवा.

शेवटी ठरलं ते असं. क्रोमोलीचा, खास ट्रायल्ससाठी बनवलेला. एक्सलपासून माथ्यापर्यंतची लांबी फ्रेम ज्या मापासाठी बनली तेवढीच, कारण लांब झाला तर हँडलाचा कोन बदलतो आणि माथ्यावरचा ताणही वाढतो. उभी नळी फ्रेमच्या मापाची, २८.६ मिलिमीटर. आणि डिस्कब्रेक लावायचा तर त्याची बैठक कारखान्यातूनच आलेली हवी. तो ब्रेक एकाच पायावर जोर टाकतो, मागाहून वेल्डिंग करून भागत नाही.

आणखी एक अट मी घातली आहे. दर रविवारी चिमटा फडक्याने पुसायचा आणि जोडांपाशी काळी रेघ दिसते का ते बघायचं. वाकला तर बदलायचा. पाइप घालून "सरळ करून देतो" म्हणणारे भेटतील, पण एकदा वाकून सरळ केलेलं पोलाद त्याच जागी पुन्हा दगा देऊ शकतं. मालाच्या सायकलीला तेवढ्यावर चालून जातं. इथे नाही.

असो. चिमटा ठरला. हेल्मेट आणि ताईची समजूत हे दोन्ही विषय अजून बाकी आहेत. दुसरा जास्त अवघड आहे, कुणाला काही सुचत असेल तर जरूर कळवा.